बसवराजकाकांचा साल्सा

लातूरच्या आमच्या कॉलनीत धोतराचा सोगा खोचून गच्चीवर साल्सा नाचणारा एकच माणूस आहे, बसवराजकाका. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर राजकारणावर बोलतात. काकांनी मोबाइलवर बघून हा नाच उचलला.

"ह्यो आपल्या ऊसवाल्यांचाच नाच हाय," ते भाजीवालीलाही थांबवून सांगतात. "तिकडं क्युबात आफ्रिकेतून माणसं धरून आणली, ऊस तोडायला जुंपली. समदं हिसकलं, पर ढोलाचा ठेका कसा हिसकणार? त्योच फिरत फिरत न्यूयॉर्कला गेला अन् साल्सा झाला!"

"ठेका ऱ्हाऊ द्या काका, मेथी घेता का?"

साल्साला जोडी लागते. आमच्याकडे वरातीत गडी गड्यांबरोबरच नाचतात, त्यामुळे बाईची बाजू माझ्या गळ्यात पडली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. समोरच्या गच्चीवरून माझेच विद्यार्थी शिट्ट्या मारायचे. मी पायांकडे बघितलं की काका ओरडायचे, "डोकं ठेव बाजूला, कंबरंला इचार!" आणि मध्येच विचारायचे, "माझ्या हाताचा आधार मिळायलाय का? तोल तर जाईना ना?"

"गेला तर तुमच्यावरच पडेन," मी म्हणायचो. एवढा हसरा माणूस, पण यावर हसायचा नाही.

त्यांच्या बायकोला, शांताकाकूंना, कंपवात आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, उंबरठ्याशी तर हटकून. निलंग्याला भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "चाकाच्या खुर्चीवर मांडवात येणार न्हाई. तुम्ही जावा." काका म्हणाले, "मग मी बी जात न्हाई." त्या भाचीला दोघांनी लेकीसारखं वाढवलेलं.

लग्नाच्या सकाळी काकांचा फोन आला, "गाडी आण, दोघं बी जाणार हाय." मी गाडी घेऊन गेलो, तर काकू दारातच अडकलेल्या. काकांनी समोर उभं राहून त्यांचे दोन्ही हात धरले आणि तोंडानंच ठेका सुरू केला. तीन पावलं, चौथ्याला विसावा. पुन्हा तीन. काकूंचा पाय उचलला गेला, उंबरठा मागे पडला. इतके दिवस गच्चीवर मी कुणाच्या जागी नाचत होतो, ते तेव्हा कळलं.

"लोक बघायलेत," काकू लाजल्या.

"बघू दे. तू माझ्याकडं बघ."

काका उलटे चालत होते. मागे अंगणाची पायरी होती, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मी धावत जाऊन त्यांच्या पाठीला हात लावला. पाठ गदगदत होती. काका रडत होते, पण ठेका चुकला नाही.