चाच्यांचा झेंडा आणि गावची लाईन

राष्ट्र घडवायचं तर मुलांना चित्रकला आलीच पाहिजे, याबद्दल त्या वर्षी वरच्या कचेरीत दुमत नव्हतं. (रंगपेट्यांबद्दल विचार चालू होता.) म्हणून पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या एका शाळेतही आदेश आला: मुलांना समुद्री चाच्यांचा झेंडा पायरीपायरीने काढण्यास शिकवावे. समुद्रच काऊन, हे विचारायची पद्धत नव्हती.

चित्रकलेच्या सत्यशीलाबाईंनी खडू उचलला. आधी भोपळ्यासारखा गोल. त्याखाली जबडा. मग दोन काळे डोळे, आणि नाकाच्या जागी नाक नसणं. शेवटी दोन हाडांची फुली.

"बाई, हे चाचे कोनाचे जी?" मंगलीनं विचारलं.

"कोनाचेच नाई. समुद्रात जहाजं लुटतेत ते."

"इतक्या दूर काऊन जातेत? इथी लुटाले काही भेटत नाई काय?"

हा प्रश्न बाईंनी अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

नमुना म्हणून त्यांनी फाटक्या छत्रीच्या कापडावर चुन्यानं मोठा झेंडा रंगवला. इतका झकास उतरला की त्यांनी तो दोनदा लांबून पाहिला. वाळायला म्हणून शाळेपुढच्या विजेच्या खांबाला बांधला. खांब कैक वर्षांचा होता. तार तेवढी यायची होती.

तिकडून मुखरू बैल घेऊन आला. अशी कवटी त्यानं चंद्रपूरला विजेच्या डीपीवर पाहिली होती. "लाईन आली रे!" तो ओरडला आणि त्यानं बैल बांधावरून वळवले.

रुखमाबाईनं खांबाला बांधलेली बकरी घाईनं सोडली. सरपंच भैयाजींनी (सुरक्षित अंतरावरून) नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत तीन-चतुर्थांश गाव खांबाला वळसा घालून चालू लागलं. उरलेलं घराबाहेरच पडलं नाही.

बाई धावत आल्या. "भैयाजीभाऊ, लाईन नाई आली. हा लुटारूंचा झेंडा हाये. मीच काढला."

"तुमी काढला म्हून काय झालं?" भैयाजी समजुतीनं म्हणाले. "सरकारी काम कोनाच्या तरी हातूनच होते, बाई."

बाईंनी गाठ सोडायला हात घातला, तर रुखमाबाईनं तो धरला. "नको वो बाई. आली-आली म्हनेपर्यंत जाईल ना लाईन!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंचा हात आपोआप खाली आला. पुढं पावसानं चुना धुऊन गेला, तेव्हा त्यांनीच तो पुन्हा भरला. (या खेपेला दातही काढले.)

वीजखात्याचे साहेब जीपनं आले. कवटी पाहून खाली उतरले नाहीत. धोका आहे म्हणजे वीज असणारच, हे त्यांना शिक्षणामुळं कळलं. गाव विद्युतीकरण झालेल्यांत मोडलं. नंतर गावानं तार मागितली, तेव्हा उत्तर आलं की जिथं वीज आहे तिथं ती पुन्हा देण्याची तरतूद नाही.

सत्यशीलाबाई कंदिलाखाली वह्या तपासत राहिल्या. कंदील लावताना हल्ली त्या दार लोटून घेत. गावाचं नाव खराब व्हायला नको.

तुम्ही हसलात, ते रास्तच आहे. तुम्ही शिकलेली माणसं. छत्रीच्या कापडावरची कवटी पाहून टाळ्या वाजवणारी नव्हेत. तुम्हाला निदान उद्घाटनाची संगमरवरी पाटी लागते.