उद्घाटन तेवढं बाकी आहे

"शुक्रवारी सात वाजता पडदा उघडणार म्हणजे उघडणार," मासेलिनोने आपियाच्या मासळीबाजारात चारचौघांत सांगून टाकलं. सामोआचं पहिलं राष्ट्रीय नाट्यगृह बांधून तयार होतं, पहिल्या नाटकात तो नवरदेव होता आणि डोक्यावर केस भरगच्च होते.

उद्घाटन तेवढं बाकी होतं. उद्घाटन म्हणजे भाषण, आणि भाषणाचा मान कोणत्या सरदाराचा, हे आमच्याकडे सरदारांनी आधी बोलूनच ठरवायचं असतं. गावात हे लवकर उरकतं, कारण मैदानात ऊन लागतं. नाट्यगृह मात्र एका मित्रराष्ट्राने भेट दिलेलं. चारी बाजूंनी भिंती, गार हवा, मऊ खुर्च्या. पाच सरदार, बोलणाऱ्याच्या मानाची चवरी खांद्यावर टाकून आणि काठी टेकून, उभे राहिले. भिंतींमुळे प्रत्येकाला आपला आवाज दोनदा ऐकू आला, आणि प्रत्येकाला तो आवडला.

शुक्रवार गेला. वर्ष गेलं. सांस्कृतिक खात्याने नियम काढला की उद्घाटनाआधी प्रयोग करता येणार नाही. उद्घाटन चालू ठेवायला मात्र हरकत नव्हती. लोक घरून जेवण बांधून येऊ लागले, तेव्हा खात्याने तिकीट लावलं. अहवालात लिहिलं, 'नाट्यगृह पूर्ण क्षमतेने चालू. उद्घाटन लवकरच.' मध्ये वादळात छप्पर उडालं. नवं बसवलं आणि त्याचंही उद्घाटन यातच उरकायचं ठरलं.

नाटकात मासेलिनो नवरदेवाचा बाप झाला, मग आजा.

"आता काय काम दिलंय?" बायको लुसियाने तारोचे कंद सोलता सोलता विचारलं.

"आजोबाचं प्रेत."

"बरं झालं. संवाद विसरायची भीती नाही."

"हस तू. माझं अख्खं आयुष्य खाल्लं त्या चवरीवाल्यांनी. एकदा त्या रंगमंचावर दिवे अंगावर घेतल्याशिवाय मी मरायचा नाही."

"अरे पण काम मेलेल्याचंच आहे ना?"

पुढे चार सरदार वारले आणि उरलेले एकटे सरदार पुलेतासी एकमताने निवडून आले. ते उभे राहिले, "नाट्यगृह खुलं झालं," एवढंच म्हणाले आणि दम लागून खाली बसले. लोक नाराज झाले. एवढ्यासाठी तिकीट काढलं होतं का?

पडदा उघडला. मासेलिनो चटईवर मरून पडलेला, अंगावर दिवे. लुसियाने पहिल्या रांगेत डोळे पुसले. नाटकातल्या विधवेने रडायला तोंड उघडलं, तोच मागून एक गृहस्थ उठले.

"सरदार इतकं सुंदर बोलले. आभार नकोत का मानायला?"

सगळ्यांना पटलं. दोन तरणे सरदार काठ्या टेकून उठले. "मान आमच्या घराण्याचा," एक म्हणाला. "आमच्या," दुसरा म्हणाला.

प्रेताने एक डोळा उघडला.

"मासेलिनो, पडून राहा," लुसिया दात आवळून पुटपुटली.

मासेलिनो उठला. विधवेची काठी घेतली, खोटी दाढी सोडवून चवरीसारखी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "थांबा पोरांनो. हा मान माझ्या पणज्यापासून चालत आलाय." आवाज दोनदा घुमला.

लोक खुर्च्यांत मागे रेलले आणि त्यांनी जेवणाची गाठोडी सोडली. पडदेवाल्याने घाईघाईने पडदा ओढला. तो अर्ध्यावर अडकला.