टर्की खारवण्याची अचूक कृती

टर्की भाजणं कुणालाही जमतं. ती आदल्या दिवशी खारवणं, ही खरी विद्या! आणि ती आमच्या गावात फक्त मला येते, म्हणून ही कृती लिहून ठेवतोय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुमच्या उपयोगी पडेल.

साहित्य: एक भरभक्कम टर्की. ती बुडेल इतकं पाणी. मीठ: दोन वाट्या.

(मिठावर लक्ष असू द्या. ते एका जागी थांबणार नाहीये.)

कृती: पाण्यात मीठ, मिरी, तमालपत्र आणि संत्र्याची सालं घालून उकळावं. पार गार करावं. त्यात टर्की बुडवावी. मी ती मासेमारीच्या निळ्या बर्फपेटीत बुडवली आणि पेटी गॅरेजमध्ये ठेवली. नोव्हेंबरात मिनेसोटाचं गॅरेज म्हणजे गाडी मावेल एवढा फ्रीज!

"लाइल, तू भाजणार?" माझा मेहुणा ऑरिन दारातूनच हसला. "मग मी उद्यासाठी सँडविच बांधून आणलंय ते बरं झालं!"

"तू फक्त सारण कर," मी म्हणालो. "पाव, कांदा, सेलरी. तेवढं जमेल ना?"

"तुझ्या कोंबडीपेक्षा माझं सारण भाव खाऊन जाईल, बघ!"

पण थट्टा बाजूला. आजवर ही टर्की माझ्या सासूबाईच करायच्या. आर्डिस म्हणजे आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरातली सेनापती! गेल्या वसंतात त्या आजारी पडल्या. आजार गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. काहीही दिलं तरी म्हणायच्या, "ओला पुठ्ठा." दोन घास खायचे आणि ताटली सरकवायची. अंगावरचे स्वेटर खुंटीला अडकवल्यासारखे दिसायला लागले होते.

"सणाच्या दिवशी आईनं एक घास आवडीनं खाल्ला ना," माझी बायको कारिन मला म्हणाली होती, "तर मला बाकी काही नको."

म्हणजे बघा, नुसती टर्की नव्हती ती.

सणाच्या सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो. फरशी पुसायचा मॉप बांबूसारखा ताठ! बिअरच्या बाटल्या गोठून फुटलेल्या! आणि बर्फपेटी उघडतो तर काय, पाणी अगदी निवांत डुचमळतंय. बर्फाचा एक कणसुद्धा नाही!

"व्हर्न!" मी सासऱ्यांना हाक मारली. "बघा! सगळं गोठलं, माझं पाणी गोठलं नाही! याला म्हणतात हात!"

व्हर्न काठी टेकत आले, पेटीत डोकावले, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "हं."

ते 'हं' मी कौतुकाचं समजलो. तुम्हीही समजू शकता.

टर्की पुसली. लोणी चोळलं. ऑरिननं पोटात सारण भरलं. ओव्हनमध्ये ती अशी फुलली, अशी लालसर झाली, की लग्नातला फोटोग्राफर बोलवावा! घरभर वास सुटला. आर्डिस टेबलाशी बसून होत्या. त्यांना म्हणे वाससुद्धा पुठ्ठ्याचाच यायचा.

मी स्वयंपाकघरात कापायला घेतली. कडेचा एक तुकडा तोंडात टाकला.

(इथे कृती थोडा वेळ थांबते. मी नळाला तोंड लावलेलं आहे.)

"कारिन!" मी कुजबुजलो. "हे खाऊन बघ!"

तिनं खाल्लं. तिचे डोळे आधी मोठे झाले, मग बंद झाले. "लाइल... किती मीठ घातलंस?"

"दोन वाट्या!"

"म्हणजे तू घातलं होतंस?"

"म्हणजे काय?"

"मला वाटलं तू विसरलास! गेल्या रविवारी तू कॉफी न घालता कॉफी केलीस की नाही? म्हणून मी आपलं गुपचूप..."

मीठ: चार वाट्या.

"काय झालं?" ऑरिन आत आला. त्यानं एक तुकडा उचलला आणि तसाच बेसिनमध्ये टाकला. "अरे! आधीच खारवलेली टर्की परत खारवलीस होय? वेष्टनावर ठळक अक्षरात होतं! मी वाचलं ना!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं हीच ती तुझी विद्या!"

मीठ: चार वाट्या आणि कारखान्याचं वेगळं.

"सारण तरी वाचलं असेल," कारिन म्हणाली. सारण वाचलं नव्हतं. पावानं पोटातला सगळा रस स्पंजासारखा पिऊन घेतला होता. वर ऑरिननं ते खारट लोण्यात परतलं होतं. ते चाखणं म्हणजे समुद्राला मिठी मारणं!

मागून काठी वाजली. व्हर्न.

"अजून थोडं टाकायला हवं होतं का रे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

आम्ही तिघं गर्रकन वळलो.

"बाबा, काय टाकायला?"

"मीठ. रात्री गॅरेजमध्ये गेलो. म्हटलं हे पाणी सकाळपर्यंत दगड होणार, टर्की काढायला कुदळ लागेल. मीठ घातलं की गोठत नाही. बर्फ पडला की पायऱ्यांवर नाही का टाकत आपण?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. "व्हर्न, पायऱ्यांवरचं मीठ टाकलंत?"

"म्हातारा झालोय, वेडा नाही! फडताळातलं टाकलं. डबाभर."

मीठ: आता विचारू नका.

चौघं नळापाशी रांगेत उभे राहून पाणी पीत होतो. सणाच्या दिवशी सगळी दुकानं बंद. आणि बाहेर टेबलाशी आर्डिस एकट्या, मांडीवर रुमाल पसरून.

"आईला कुठे कळणार आहे चव?" ऑरिन म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. कारिन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मी सगळ्यात आतला, हाडाजवळचा तुकडा शोधला. मीठ तिथवर कमी पोचलं असेल ही आशा. तो आर्डिसच्या ताटलीत ठेवला. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकानं कशाबद्दल तरी आभार मानायचे असतात. म्हटलं, जमेल तितका वेळ काढावा. मी ओव्हनचे आभार मानले. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीचे मानले. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे मानले...

"लाइल," आर्डिस म्हणाल्या, "पास्टरसुद्धा इतका बोलत नाही!" आणि त्यांनी घास घेतला.

चावला. थांबल्या. पुन्हा चावला.

"आर्डिस," मी म्हणालो, "टाकून द्या तो. चूक माझी..."

त्यांनी हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, मिठानं.

"टर्की," त्या हळूच म्हणाल्या. "कारिन, अगं, ही टर्की लागतेय!"

त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. कारिननं टेबलाखाली माझा हात इतका घट्ट दाबला की माझी बोटं अजून दुखतात. व्हर्ननी चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळ्यांचे आभार मानले, या वेळी खरे! कारखान्याचे, कारिनच्या अविश्वासाचे, व्हर्नच्या डब्याचे.

आर्डिसनी ताटली पुसून स्वच्छ केली. मग माझ्याकडे बघितलं.

"छान झालीय, लाइल. पहिल्याच वेळेला इतकी म्हणजे छानच," त्या म्हणाल्या. "फक्त मीठ जरा कमी पडलंय."

आणि त्यांनी मिठाची बाटली मागितली. शिवाय, "तुम्ही का खात नाही?" असंही विचारलं. मग आम्ही चौघांनी खाल्ली. सगळी. सारणासकट!

तर दुरुस्ती करून घ्या. मीठ: चवीनुसार. कुणाच्या, ते आधी विचारा.