चांदमारीची म्हैस

"तुले निशान दिसते का नाही, एवढंच सांग," गोपीचंदने विचारलं.

"दिसते," तेजराम म्हणाला. "पन कुठं हाये ते दिसत नाही."

साकोलीच्या पोलीस लाइनीत, तेजरामच्या खोलीमागे, चुलीची लाकडं फोडता फोडता ही गोष्ट निघाली. लाकडं गोपीचंद फोडत होता. तेजरामच्या हातात कुऱ्हाड देणं त्याच्या बायकोने, सुलोचनाबाईने, कधीच बंद केलं होतं.

तेजराम जुना शिपाई. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. ऑपरेशन करावं, तर बापाने कुठल्याशा शिबिरात डोळा दिला होता आणि तो डोळा काही परत मिळाला नव्हता. सांगावं, तर मेडिकल बोर्ड. बोर्डाने डोळा पाहिला की घरी, आणि घर तरी कुठलं, सरकारचीच खोली. बायको आणि लग्नाच्या दोन पोरींना घेऊन जायचं कुठं, या विचाराने त्याला घास गिळवत नसे. म्हणून दुरून काहीही हललं की तो आधी सलाम ठोकून मोकळा व्हायचा. एकदा तर त्याने दूधवाल्याला कडक सलाम ठोकला होता, आणि तो बिचारा दोन दिवस दुधात पाणी घालायला घाबरला होता.

पण वर्षाची चांदमारी, म्हणजे नेमबाजीची परीक्षा, काही सलामावर निभत नाही. त्यातून साहेब नवा, पुण्याकडचा. ज्याचा नेम चुकेल त्याचे डोळे आधी तपासायचे, असं त्याने परेडवरच बजावलं होतं.

गोपीचंदही त्याच ठाण्यात शिपाई, वर तेजरामचा साडू. चांदमारीत त्याचं काम ठरलेलं होतं. टार्गेटखालच्या खंदकात बसायचं आणि गोळ्या डोक्यावरून गेल्या की भोकं पाहून झेंडी दाखवायची.

"मंग कायले भेऊन राहिला?" गोपीचंद म्हणाला. "थ्री-नॉट-थ्रीचं भोक म्हन्जे शिसपेन्सिलीएवढं. तू फक्त आवाज कर. भोकं मी पाडतो."

"अन् तुले लागली त?"

"मी खंदकात राहीन ना बाप्पा. मले कायले लागते?"

एवढ्याने तेजरामचं समाधान व्हायला हवं होतं. पण चांदमारीच्या दिवशी बंदूक घेऊन तो पालथा पडला, समोर पांढुरका धूर दिसावा तसं काहीतरी दिसलं, आणि त्याला गोपीचंद आठवला. ज्याच्या जिवावर आपली नोकरी, तो नेमका त्या धुराखाली बसला आहे. चुकून गोळी खाली गेली, मेहुणीचं कुंकू आपल्याच हाताने पुसलं, तर सुलोचना जन्मभर घोटभर पाणी द्यायची नाही. त्यापेक्षा वर मारलेलं बरं. हा विचार त्याला इतका पटला की त्याने नळी आणखी वर केली.

टार्गेटच्या मागे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध होता. चांगला उंच. आजवर पाळीपलीकडे कोणाची गोळी गेली नव्हती, कारण आजवर कोणी साडूवर इतकी माया केली नव्हती. तेजरामच्या गोळ्या पाळीवरून गेल्या. पाळीवरचं मोहाचं झाडसुद्धा त्यांच्या खालीच राहिलं.

खंदकातून झेंडी हलली. साहेबांनी दुर्बीण लावली. सगळी भोकं मधल्या काळ्या गोलात, पंगतीला बसल्यासारखी.

"शाब्बास," साहेब म्हणाले, आणि त्याच वेळी पाळीपलीकडून एक म्हैस हंबरली. मागोमाग बाईमाणसाचं रडणं ऐकू आलं.

सगळे पाळीवर धावले. तलाव निम्मा आटला होता, आणि कडेच्या चिखलात म्हैस आडवी पडली होती. पाठीच्या कण्यात गोळी. पुढचे पाय झाडत होती, पण उठवत नव्हतं. शेजारी तिची मालकीण मनकर्णाबाई बसली होती. विधवा बाई, याच म्हशीच्या दुधावर तिची चूल पेटत होती.

साहेबांनी तिथल्या तिथे चौकशी केली. तेजरामच्या सगळ्या गोळ्या टार्गेटवर. त्याच्याबद्दल प्रश्नच नव्हता. शेजारी पडून गोळ्या झाडणाऱ्या बाबूलाल शिपायाच्या टार्गेटवर मात्र एक भोक कमी निघालं.

"साहेब, माही गोळी मातीत गेली जी, समोरच," बाबूलाल काकुळतीने म्हणाला.

"ती मातीत नाही, म्हशीत गेली. उद्यापासून सस्पेंड."

तेजरामने तोंड उघडलं. गोपीचंदने त्याच्या पायावर बूट दाबला. तेजरामने तोंड मिटलं.

म्हैस अजून हंबरत होती. साहेबांनी कानांवर हात ठेवले. "ही वाचत नाही. गुरांचा डॉक्टर यायला संध्याकाळ होईल. तेजराम, आज तुझा हात चालतोय. जा, एका गोळीत मोकळी कर तिला."

तेजराम चिखल तुडवत गेला. चिखल काळा, म्हैस काळी. त्यात डोकं कुठे संपतं आणि ढुंगण कुठे सुरू होतं, हे त्याला ब्रह्मदेवाने येऊन सांगितलं असतं तरच कळलं असतं. पाळीवर सगळं ठाणं उभं होतं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हिचं डोस्कं कोन्या बाजूनं हाये?"

मनकर्णाबाईने वर पाहिलं. आधी त्याच्या डोळ्यांकडे, मग पाळीकडे.

"दिसत नाही तुमाले?"

"नाही."

"मंग हे काम तुमचंच हाये म्हना ना."

"मानूस वाचवाले गेलो, बाई."

 मनकर्णाबाईने बंदुकीची नळी हातात धरली, म्हशीच्या कपाळावर टेकवली, दुसऱ्या हाताने म्हशीचा कान एकदा कुरवाळला आणि तोंड फिरवलं. "दाबा आता," ती म्हणाली.

गोळी बरोबर कपाळाच्या मधोमध लागली. साहेब खाली उतरून आले, वाकून पाहिलं, आणि तेजरामच्या पाठीवर थाप मारली.

"गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या मागावर पथक जातंय. माझ्याकडे एक पक्का नेमबाज मागितलाय. सोमवारी निघायचं."

बाबूलालसाठी जे तोंड उघडलं नव्हतं, ते जंगलाचं नाव निघताच सताड उघडलं. "साहेब, मले दिसत नाही जी. दोन्ही डोळ्यानं दिसत नाही. म्हस बी मीच मारली. भोकं साडूनं पाडली, पेन्सिलीनं."

गोपीचंद एकाएकी तलावातल्या बगळ्यांकडे पाहू लागला.

साहेब हसले. "जंगलाचं नाव काढलं की माझे अर्धे शिपाई आंधळे होतात. पण पेन्सिल आजच ऐकली."

"खरंच सांगतो साहेब. या बाईले इचारा. हिनंच नळी धरून देली."

साहेब मनकर्णाबाईकडे वळले. "काय हो बाई, तुम्ही याच्या शेजारीच होता. याला दिसत नाही म्हणतो."

तेजरामने हात जोडले. ती जिथे असावी असं वाटलं त्या दिशेला जोडले. ती दुसऱ्या बाजूला उभी होती.

मनकर्णाबाईने हाताचा चिखल पदराला पुसला. मेलेल्या म्हशीवर माश्या बसू लागल्या होत्या, त्या तिने हाकलल्या.

"दिसते जी," ती म्हणाली. "घारीवानी नजर हाये ह्याइची. सोमवार कायले, उद्याच धाडा."