खिशाची गोधडी

शर्टाला इस्त्री करायला टेबलावर काहीतरी जाडसर हवं होतं, म्हणून जावईबापूंनी हाताला लागली ती गोधडी अंथरली. ती सासूबाईंची होती. स्वतःच्या हाताने शिवलेली. तिची घडीसुद्धा त्या दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. सासूबाई लेकीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेब बोलत राहिले, जावईबापू "हो सर" म्हणत राहिले आणि इस्त्री जिथे होती तिथेच राहिली.

फोन ठेवून ते वळले, तर गोधडीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक!

त्यांची पाचावर धारण बसली. आधी त्यांनी जळक्या कडा कापल्या. एक बाजू जास्त कापली गेली म्हणून दुसरी कापली. मग पुन्हा पहिली. शेवटी त्यातून मांजर आरामात आरपार गेलं असतं.

ते धावत खालच्या शिंप्याकडे गेले. त्याने मानही वर केली नाही. "एवढं जाड मशीनखाली जात नाय, साहेब. ही दाभणासारखी सुई घ्या. ठिगळ लावा अन् हाताने टाके मारा."

ठिगळ कशाचं लावायचं? बायकोच्या कपड्यांना हात लावण्याइतके ते शूर नव्हते. त्यांनी स्वतःची जुनी तपकिरी पँट काढली आणि बसायच्या जागेचा तुकडा कापला. घाईत मागचा खिसाही त्याच्याबरोबर आला. आता तो उसवायला वेळ कुणाला होता? गोधडी मांडीवर घेऊन त्यांनी सपासप टाके घातले. शेवटची गाठ मारली आणि दारावरची बेल वाजली.

ते उठले, तर गोधडीही उठली. अंगातल्या पँटसकट शिवली गेली होती.

दार उघडावंच लागलं. डोळ्यांत औषध घातल्याने सासूबाईंना सगळं धूसर दिसत होतं. "अगं बाई, जावईबापू, हुडहुडी भरली की काय?"

"थोडीशी."

बायको फक्त बघत राहिली. सासूबाईंनी त्यांना दामटून निजवलं आणि मायेने गोधडी थोपटू लागल्या. थोपटता थोपटता त्यांचा हात थांबला. मग तो आत गेला, मनगटापर्यंत.

"हे काय?"

"खिसा," जावईबापू पुटपुटले.

"गोधडीला?"

मग त्यांनी सगळं कबूल केलं. इस्त्री, कात्री, पँट, सगळं. साहेबांवर जमेल तेवढं ढकललंही. सासूबाईंनी चष्म्याचं घर पिशवीतून काढलं, खिशात सरकवलं, बाहेर काढलं, पुन्हा सरकवलं.

"उशीखाली ठेवून तीन चष्मे मोडलेत मी," त्या म्हणाल्या. "एवढी युक्ती मला सुचली नाही. आता कवळीच्या डबीसाठी शेजारी अजून एक लावा."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. "पण ती पँट संपली. मागचा दुसरा खिसा फाटकाच होता."

तोवर बायको कात्री घेऊन आली होती. गोधडीला जोडलेल्या चांगल्या पँटकडे तिने नीट निरखून पाहिलं.

"हलू नका हं," ती म्हणाली. "आई, डावा हवा की उजवा?"