'बिगुल'चा शेवटचा अंक

एव्हिस ट्रेनॉर्डनच्या जेवणाच्या टेबलावर जेवण क्वचितच व्हायचं. फ्रीमँटलमधल्या त्या घरात टेबल होतं ते जुन्या मासिकांसाठी. एव्हिस आणि तिचा नवरा कॉलिन स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायचे, नाहीतर मागच्या पायरीवर बसून. कॉलिनची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यानं जन्मभर बंदरात मोठी जहाजं ओढणारी टगबोट चालवली होती, आणि बसून खाल्लं की आपल्याला झोप येते असं तो सांगायचा.

एव्हिस दातांच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली आणि राजकीय मासिकांच्या मागे लागली. डाव्यांची, उजव्यांची, दारूबंदीवाल्यांची, सगळे कर रद्द करा म्हणणाऱ्यांची. बंद पडलेल्या युनियन कचेऱ्यांचे माळे, वारलेल्या माणसांची कपाटं, ती कुठंही हात घालायची. मग मऊ ब्रशनं एकेक पान झाडायचं, स्कॅन करायचं आणि त्या फायली अभ्यासकांना, ग्रंथालयांना विकायच्या. मूळ अंक मात्र ज्याच्यावर भरवसा बसेल त्यालाच. ती स्वतः कुठल्याच पक्षाची नव्हती. ज्या मताची तिला मनापासून चीड होती, ते मासिकही ती तितक्याच हळुवार हातानं पुसायची. "कुणीतरी पदरचे पैसे घालून हे छापलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्याचं कुणीतरी ठेवायला नको का?" एवढंच तिचं म्हणणं.

तीसच्या दशकात आमच्या या पश्चिमेकडच्या राज्यानं देशातून फुटून निघायचा कौल दिला होता. पुढं काही झालं नाही, पण त्या धामधुमीत 'बिगुल' नावाचं एक मासिक निघत होतं. त्याचा शेवटचा अंक कुठंच सापडत नव्हता. कित्येक वर्षं शोधल्यावर तो एव्हिसला एका मोडीत निघालेल्या पियानोच्या पोटात मिळाला. मेलबर्नच्या एका विद्यापीठातल्या इन्ग्रिड फॉकनर नावाच्या बाई तो न्यायला स्वतः विमानानं येणार होत्या.

त्या दुपारी एव्हिसनं अंकाच्या गंजलेल्या पिना काढल्या आणि स्कॅन करण्याआधी सगळी पानं टेबलावर सुटी मांडली. आत कॉलिन हेरिंग तळत होता. माशाचा वास कागदात शिरेल म्हणून तिनंच त्याला दार उघडायला सांगितलं. त्यानं मागचं दार उघडलं. पुढची खिडकी उघडी आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आणि नेमका तेव्हाच समुद्रावरचा वारा सुटला. रोज दुपारी उकाडा घालवतो म्हणून गावात सगळे त्या वाऱ्याला 'डॉक्टर' म्हणतात. त्या दिवशी डॉक्टर मागच्या दारानं आत आला आणि 'बिगुल' घेऊन खिडकीतून बाहेर पडला.

बहुतेक पानं शेजाऱ्यांच्या कुंपणात अडकली. एक कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात पडलं होतं, ते एव्हिसनं टिपकागदात धरून वाचवलं. दोन मात्र सापडली नाहीत. एक मुखपृष्ठ आणि दुसरं आतलं, 'पश्चिमेच्या नागरिकांनो' असं आवाहन असलेलं पान.

दोघं दारोदार फिरले. नगरसेवक मरे टोलहर्स्ट अंगणात गुलाब छाटत होता. त्यानं काही पाहिलं नव्हतं म्हणे, आणि लगेच आत जाऊन दार लावून घेतलं.

"मरेनं चहा विचारला नाही," कॉलिन म्हणाला. "मुखपृष्ठ त्याच्याकडंच आहे."

एव्हिसलाही तेच वाटलं. तिला कारणही ठाऊक होतं. मरेचे आजोबा फुटून निघण्याच्या विरोधात गावात एकटे उभे राहिले, लोकांनी त्यांना अंडी मारली, तरी ते डगमगले नाहीत, ही गोष्ट मरे प्रत्येक निवडणुकीत सांगायचा. मुखपृष्ठावर तेच आजोबा होते, 'बिगुल'च्या झेंड्याखाली, मूठ उगारून. लोकांच्या आजोबांबद्दल एव्हिसला बरंच काही माहीत असायचं. ती ते कधी बोलत नसे. मरेच्या दारासमोरून ती मुकाट्यानं परतली.

दुसरं पान सकाळी सापडलं, द्रागित्साच्या बेकरीतल्या फलकावर. रस्त्यावर मिळालेलं ते पान द्रागित्साला नवं पत्रक वाटलं होतं. त्यात तिची काही चूक नव्हती. पूर्वेकडचे लोक आपला पैसा नेतात, आपलं बंदर रखडवतात, आणि आपण तक्रार करावी तर त्यांची घड्याळं पुढं, तोवर त्यांच्या कचेऱ्या बंद झालेल्या असतात, असं त्यात लिहिलं होतं. पाव घ्यायला येणारा प्रत्येकजण ते वाचून मान डोलवत होता आणि खाली सही करत होता. तळाची जागा संपली तेव्हा लोक समासात वळले होते. सगळं बॉलपेननं.

एव्हिसनं पान मागितलं. द्रागित्सा काउंटरमागून हलली नाही.

"आता ते तुझं नाही गं, ज्यांनी सह्या केल्या त्यांचं आहे. संध्याकाळी बोल्स खेळायच्या क्लबात सभा ठेवलीय. तिथं ये आणि माग."

सभेला खुर्च्या पुरल्या नाहीत. एव्हिसनं उभं राहून शांतपणे सांगितलं, की हे पत्रक नाही, तीसच्या दशकातल्या मासिकाचं पान आहे. कुणाचा विश्वास बसेना. एक गृहस्थ म्हणाले, कालच माझा मेव्हणा हे शब्दन्‌शब्द बोलला. पानात पैसे डॉलरात नाहीत, जुन्या पौंडांत दिले आहेत हे तिनं दाखवलं, तर ती छपाईची चूक ठरली. तारीख कुठं आहे, असं द्रागित्सानं विचारलं.

तारीख मुखपृष्ठावर होती. एव्हिसनं पहिल्या रांगेत बसलेल्या मरेकडं एकदा पाहिलं. त्याचं नाव घेतलं असतं तर दोन्ही पानं त्याच मिनिटाला हातात आली असती. ती म्हणाली, "तारखेचं पान हरवलंय," आणि खाली बसली.

मरे उठला, त्यानं कोटाच्या आतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातलं मुखपृष्ठ दोन्ही हातांनी वर धरलं. पानाला एक घडीसुद्धा पडलेली नव्हती.

"ही तारीख," तो म्हणाला. "एव्हिस खरं बोलतेय. आणि फोटोतला हा माणूस माझा आजोबा. त्याला कुणी अंडी मारली नव्हती." त्यानं मुखपृष्ठ खाली घेतलं. "अंडी त्यानं मारली होती."

आता आपलं नगरसेवकपद गेलं अशा चेहऱ्यानं मरे उभा होता. तेवढ्यात मागून द्रागित्सा म्हणाली, "मग त्या काळापासून हे असंच चाललंय आणि कुणी काही केलं नाही? मरे, तुझ्या आजोबांचं काम अर्धं राहिलंय. तूच अध्यक्ष हो." टाळ्या पडल्या. मरेनं हरकत घ्यायला तोंड उघडलं, ते लोकांनी भाषण समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पानं घरी आली. मुखपृष्ठ धड होतं. आवाहनाच्या पानावर गावभरच्या सह्या होत्या, एका ठिकाणी क्रीमबनच्या बोटाचा डागही. एव्हिसनं ते भिंगाखाली धरलं. शाई कागदात पार मुरली होती. तिनं मेलबर्नला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि यायचं रद्द केलंत तरी राग नाही म्हणाली. त्या रात्री कॉलिननं तिला टेबलाशी बसवून जेवायला लावलं.

इन्ग्रिडबाई तरीही आल्या. पान समोर घेऊन त्या बसल्या. बोटानं एकेक सही वाचत गेल्या.

"मला हे आजच न्यायचंय," त्या म्हणाल्या. "स्वच्छ अंक उद्या आणखी कुठं सापडेलही. हा असा नाही सापडायचा. आणि तुम्ही याला खराब म्हणालात?"

दारावरची घंटा वाजली. पलीकडच्या गल्लीतली एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून उभी होती. ते पान इथं आहे असं बेकरीत कळलं, आईची सही राहिलीय, असं ती संकोचून म्हणाली. आईच्या हातात बॉलपेन तयारच होतं.

इन्ग्रिडबाई पानावर जवळजवळ आडव्या झाल्या. "अहो, याला हात लावू देऊ नका. दुर्मीळ अंक आहे हा."

एव्हिसनं म्हातारीसाठी खुर्ची ओढली, तिच्या हातातलं बॉलपेन अलगद काढून घेतलं आणि तिला मऊ शिसपेन्सिल दिली.

"हलक्या हातानं करा, आजी," ती म्हणाली. मग इन्ग्रिडबाईंकडं वळली. "तुम्हाला थोडं थांबावं लागेल. अंक अजून निघतोय."