वंदनाताईंचे राखणदार

वंदनाताईंनी ऑफिसातल्या एआयला ‘झालं’ म्हणायची चोरी करून ठेवली होती.

ऑफिस म्हणजे भंडाऱ्यात कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. राइस मिलसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही दोघं, आणि मालक. मालकांनी कोड लिहिणारा एआय आणला. त्याने आल्या आल्या धानाच्या ओलाव्याचा हिशेब चुकवला आणि वर छातीठोकपणे सांगितलं, ‘झालं, सगळं बरोबर आहे.’ ताई वैनगंगेपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून येईपर्यंत मिलवाल्याच्या शिव्या खाऊन माझं पोट भरलं होतं.

“याचा भरोसा कोन धराचा जी?” म्हणत ताईंनी बाह्या सरसावल्या.

एआयने अमुक केलं की आपोआप तमुक व्हावं, असे हुकूम त्याला लिहून देता येतात. ताई त्यांना राखणदार म्हणायच्या. पहिला राखणदार ‘झालं’वर बसला. एआय तो शब्द बोलला रे बोलला की सगळ्या चाचण्या सुरू व्हायच्या, आणि एक जरी नापास झाली तरी त्याला पुन्हा कामाला जुंपलं जायचं. दुसरा त्याला कुठलीही फाइल पुसू द्यायचा नाही. तिसरा प्रत्येक बदलाआधी विचारायचा, ‘कायले?’ कारण लिहिल्याशिवाय सुटका नव्हती.

राखणदार वाढत गेले. बटणाचा रंग बदलायला अख्खी दुपार जाऊ लागली. एकदा तर दोन राखणदारच एकमेकांत गुंतले. एक फाइलच्या शेवटी रिकामी ओळ घालायचा, दुसरा ती काढायचा. मी डोक्याला हात लावून बसलो. ताई डब्यातली पोळी मोडत शांतपणे बघत होत्या.

“भांडू द्या. भांडून राहिले म्हंजे जागे आहेत.”

शेवटी त्यांनी सगळ्यांना शिस्त लावली. एआय इतका सरळ चालू लागला की आम्हाला कामच उरलं नाही. हे मालकांच्याही लक्षात आलं.

“ताई, आता हे आपोआप चालते. तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही…” मालक म्हणू लागले.

“येऊ नोको म्हन्ता ना? बरं,” ताईंनीच वाक्य पुरं केलं.

मी तणतणलो. “सगळे राखणदार बंद करून जा, ताई. मंग समजंल त्यायले.”

“नाही जी. लोकायच्या धानाचं वजन हाये त्याच्यात.” आणि संध्याकाळपर्यंत त्या मला एकेक राखणदार समजावत बसल्या.

मग खोलीत मी आणि एआय उरलो. तो काम करायचा, मी बघायचो. एक दिवस ताईंचा एक राखणदार अडला. ताई फोन उचलेनात, म्हणून मी कारध्याला गेलो.

दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला बकरीच्या गळ्यातल्या घंट्या. ताई घरात असल्या तरी ही कडी शेजारीण बाहेरून घालायची; तिने ओळख विचारून मला आत सोडलं. गॅसच्या शेगडीची बटणं काढून ठेवलेली. खाटेवर ताईंची म्हातारी आई, तिच्या पायाशी ताई. तिला काही आठवत नाही, दार उघडं दिसलं की ती वैनगंगेकडे चालू लागते, हे मला तेव्हा कळलं. ताई कामाला जायच्या तेव्हा ही शेजारीणच तिच्याजवळ बसायची. आता तीही लेकाकडे नागपूरला निघाली होती.

“दाराले अलार्म लावून देऊ का, ताई? उघडलं की आपोआप मोबाइलवर…”

“लावला होता. वाजला की माय घाबरते, कोपऱ्यात जाऊन रडते.” ताई खाली बसून आईच्या पायांना तेल लावत होत्या. “इथं आपोआप काई जमत नाही जी.”

राखणदाराची अडचण लिहून आणलेला कागद मी परत खिशात घातला.

म्हातारी बराच वेळ ताईंकडे बघत होती. “कोनाची पोरगी वो तू?” तिने विचारलं. मग मायेने ताईंच्या डोक्यावरून हात फिरवला. “सांज झाली बाई. घरी जाय आता. तुही माय वाट पाहून राहिली असन.”

ताईंनी मान वर केली नाही.

“जाईन,” त्या म्हणाल्या. “थोडं बसू दे.”